दर्याकाठची जुनी व्हॅन घरीच खोलायची असेल तर

आमची मारुती ओम्नी २००३ची. वाडीत तिला कुणी ओम्नी म्हणत नाही, व्हॅन म्हणतात. 'तुमची व्हॅन' असंही फारसं म्हणत नाहीत. सरळ विचारतात, "व्हॅन खंय आसा?" आंब्याच्या पेट्या, गणपती, सिमेंटच्या गोणी आणि रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायचा माणूस, हे सगळं तिच्यातूनच जातं. त्यामुळे तिची चाकं काढून आठवडाभर उभी ठेवणं मला जमत नाही.

२०१४च्या दिवाळीत मी नेमकं तेच करून बसलो. चार दिवसांची सुट्टी होती. ब्रेक, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा), क्लच आणि पत्र्याचा गंज असं सगळं उरकून टाकू, असा हिशेब केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉटर पंपाचा एक बोल्ट इंजिनाच्या ब्लॉकमध्येच मोडला. दुकानं बंद, लेथवाला गावाला गेलेला, आणि इकडे चारही चाकांचे ब्रेक सुटे. गाडी सतरा दिवस खळ्यात तशीच उभी राहिली. भाऊबीजेला मी एसटीने गेलो आणि बहिणीने ओवाळण्याआधी गाडीचीच चौकशी केली. आमचा मेस्त्री येऊन बघून गेला आणि एवढंच म्हणाला, "गाडी खोलूक अक्कल लागना नाय, जोडूक लागता."

त्यानंतर मी कामाचा आराखडा वहीत लिहायला लागलो. त्यातला पहिला नियम असा: मोठ्या कामाचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा असा बेतायचा की रविवारी संध्याकाळी गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या ब्रेकने खळ्याबाहेर गेली पाहिजे. ब्रेकचा तुकडा पुरा झाल्याशिवाय इंजिनाला हात नाही. एखादं काम दोन दिवसांत मावत नसेल, तर ते घरी करायचं की मेस्त्रीकडे द्यायचं, हे आधीच ठरवायचं.

कधी करायचं

आमच्याकडे वर्षातून एकच सोयीची फट मिळते, दसऱ्यापासून मोहोराच्या फवारण्या सुरू होईपर्यंत. मार्च ते मे पेट्या वाहायच्या असतात. जून ते सप्टेंबर गाडीखाली चिखल, जॅक जमिनीत रुततो आणि उघडं पडलेलं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. ऑक्टोबरात ऊन भाजून काढतं, पण पाऊस थांबलेला असतो आणि खळं चोपून घट्ट केलेलं असतं.

पाहणी मात्र भर पावसातच करावी. कोरड्या दिवसांत जुनी गाडी फार शहाण्यासारखी वागते. जुलैत एखाद्या झोडपणाऱ्या सरीनंतर गाडीतली सगळी मॅटं उचला आणि खाली वर्तमानपत्राचे कागद अंथरा. दुसऱ्या दिवशी कागद कुठे भिजला ते पाहिलं की पाणी कुठून आत येतं ते कळतं. मग रात्री लाइट घालवून गाडीत बसा आणि कुणाला तरी खालून टॉर्च मारायला सांगा. माझा भाचा हे काम आनंदाने करतो. आतून तारे दिसले, तर तिथला पत्रा गेला.

आधी गंज, मग बाकी सगळं

घाटावरचे लोक जुन्या गाडीचं इंजिन आधी बघतात. समुद्राकाठी आधी बूड बघावं. खारा वारा पत्र्यावर मीठ आणून बसवतो, ते मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि मग पाऊस नसतानाही सांधे, पट्ट्या, बोल्टांची डोकी दमट राहतात. ओम्नीत मुख्यतः ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, चाकांच्या कमानी, सरकत्या दाराची खालची पट्टी आणि खालचे चॅनल (गाडीचं वजन पेलणारे पत्र्याचे दांडे) तपासा. डिसमिसच्या मुठीने ठोकत जा. फणस पिकला की नाही ते जसं आवाजावरून ओळखतो तसंच हे आहे. टणत्कार आला तर ठीक. बद्द आवाज आला, तर रंगाखाली पत्र्याऐवजी पापुद्रे आहेत असं समजा आणि तिथे टोक रुतवून पाहा. रुतलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, नाहीतर ते घाटात कळलं असतं.

गंज आधी पाहायचं आणखी एक कारण आहे. चॅनलच कुजला असेल तर जॅक लावायला भक्कम जागा उरत नाही, आणि गाडी उचलताच आली नाही तर पुढची अख्खी यादी फुकट. वरवरचा गंज घरी निघतो: तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर रंग. चॅनल, सीटबेल्टचे बोल्ट बसतात ती जागा, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आधार इथे भोक दिसलं, तर ते वेल्डिंगवाल्याचं काम. लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर दिसायला छान दिसतं आणि ताकद काडीची येत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला लावा, आणि पेट्रोलच्या नळ्या व टाकी कुठे आहेत ते वेल्डरला स्वतः दाखवा. त्याने विचारेपर्यंत थांबू नका.

इथे खर्चाचाही विचार होऊन जातो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासोबत पर्यावरण कर. आमच्या व्हॅनची पंधरा वर्षं २०१८मध्ये भरली, २०२३मध्ये पुन्हा पासिंग (म्हणजे हेच नूतनीकरण) झालं, पुढचं २०२८ला. म्हणून मी कुठलाही मोठा खर्च २०२८पर्यंतच्या वर्षांनी भागून बघतो. पत्र्याचं मोठं काम निघालं तर पासिंगच्या आधी काही महिने करतो, पासिंग झाल्यावर नाही.

पार्ट्सची यादी

ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि मारुती ८००चं इंजिन एकाच घराण्यातलं. ८०० गाडी २०१४मध्ये बंद झाली, ओम्नी २०१९मध्ये. तरी रस्त्यावर दोन्ही इतक्या आहेत की बेल्ट, पंप, ब्रेकची लायनिंग, ऑइल सील हे कणकवलीत सहज मिळतं. मिळत नाहीत ती बॉडीची बारीकसारीक सोंगं: सरकत्या दाराचे रोलर, काचांचं रबर, कडीकोयंडे. ती दिसली की लगेच घेऊन ठेवावीत, गरज नसली तरी. माझ्या मांगरात (शेतघरात) दाराच्या रोलरचे दोन जोड भाताच्या कणगीशेजारी ठेवले आहेत, त्यावरून घरात एकदा बोलाचाली झालेली आहे.

यादीचे तीन रकाने करा. पहिल्यात नक्की लागणारे पार्ट्स. दुसऱ्यात 'खोलल्यावर कळेल' असे, म्हणजे ब्रेकचे व्हील सिलिंडर (चाकातले, तेलाच्या दाबाने लायनिंग ढकलणारे), टेन्शनरचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचं) बेअरिंग, रबरी होज. तिसऱ्यात बोल्ट, वॉशर, क्लिपा, गास्केट आणि स्प्लिट पिना. तिसरा रकाना सगळ्यात स्वस्त असतो आणि काम हमखास त्याच्यापाशीच अडतं. दहा रुपयांच्या क्लिपेसाठी मी कणकवलीला दोन खेपा घातल्या आहेत. एखादा पार्ट कोल्हापूरहून एसटी पार्सलने मागवायचा असेल, तर तो हातात पडेपर्यंत गाडी खोलायची नाही. दुकानदार 'उद्याच्या गाडीत टाकतो' म्हणाला, तरीही नाही. पार्सल आलं की खोका लगेच फोडून पार्ट नंबर जुळवा. एकदा मला दुसऱ्याच मॉडेलचा बेल्ट आला होता आणि त्याचे दात मोजेपर्यंत मला पत्ताच नव्हता.

ब्रेकचा कुठलाही पार्ट बिलाशिवाय घेऊ नका. तिथे स्वस्त माल शोधू नये.

चिऱ्यावर गाडी ठेवू नका

हे मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण आमच्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात आणि हात आपोआप तिकडे जातो. चिरा अख्खं घर पेलतो, मग व्हॅन का पेलणार नाही? भिंतीत भार चिऱ्याच्या पूर्ण तोंडावर सारखा पसरलेला असतो. गाडीचा चॅनल त्याच चिऱ्याला चार बोटांच्या जागेत दाबतो. जांभा मुळात भोकाभोकांचा दगड, पावसाळाभर पाणी प्यायलेला. तो वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटतो. आमच्याच वाडीत असा फुटलेला मी पाहिला आहे. चाक बदलणारा माणूस तंबाखू मळायला बाजूला झाला होता म्हणून वाचला. तंबाखूच्या बाजूने मी ऐकलेला हा एकमेव मुद्दा.

लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) आणा, चार नाहीतर निदान दोन. खळ्याची जमीन सारवलेली असेल तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड सागवानी फळी घाला, नाहीतर पाय मातीत जातात. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावा. काढलेलं चाक आडवं करून चॅनलखाली सरकवून ठेवा. घोडी सरकलीच तर गाडी त्याच्यावर बसेल. मग गाडी हाताने जोरात हलवून पाहा. हलायची असेल तर आपण खाली नसताना हलू दे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, अर्ध्या मिनिटासाठीही नाही. आणि नारळाखाली काम करू नका. हे सांगायला नको, पण दुपारी सावली तिथेच असते.

बोल्टांना आठवडाभर आधी तेल

समुद्राकाठच्या गाडीत बोल्ट सुटणं हेच अर्धं काम. शनिवारी खोलायचं असेल तर सोमवारपासून रोज संध्याकाळी त्या त्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. स्प्रे मारण्याआधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, नाहीतर तेल वरच्या चिखलातच मुरतं. डिस्क, ड्रम आणि लायनिंगवर मात्र थेंब उडू देऊ नका.

बारा कोनांची गोटी (सॉकेट) गंजलेल्या डोक्यावरून घसरते आणि डोकं गोल करून टाकते. सहा कोनांची घ्या. बोल्ट हलत नसेल तर सोडवण्याआधी किंचित आवळा. गंजाची पकड तुटल्याचा बारीक 'टक्' आवाज येतो, मग उलटा फिरवा. अर्धा आटा सुटला की पुन्हा पाव आटा आवळा, तेल मारा, पुढे चला. पान्याला पाइप लावून अंगाची ताकद घातली की काय होतं, ते माझ्या सतरा दिवसांवरून कळलंच असेल.

निघालेले बोल्ट वाटीत टाकू नका. आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर पंपाचं किंवा कव्हरचं चित्र काढा, भोकं पाडा आणि ज्या जागेचा बोल्ट तिथेच खुपसा. लांबीत दोन-चार मिलिमीटरचा फरक असलेले बोल्ट एकमेकांच्या जागी गेले, तर लांबडा आत जाऊन काहीतरी फोडतो. फोटो काढाच, पण काळ्या तेलकट हातांनी फोन उघडण्यापेक्षा पुठ्ठा बरा.

पहिला तुकडा: ब्रेक

बॉनेट नसलेल्या गाडीत बसणाऱ्याने ब्रेक सगळ्यात आधी करावेत. एका वेळी एकाच चाकाचा ड्रम खोला. दुसऱ्या बाजूचं चाक नमुना म्हणून शाबूत ठेवा. मागच्या ड्रममध्ये स्प्रिंगा कुठल्या भोकात अडकतात, हे आपल्याला पाठ आहे असं प्रत्येकाला वाटतं, खोलेपर्यंत. ड्रम अडकून बसला तर हातोडीने चेचू नका. त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळत न्या, म्हणजे ड्रम सरळ बाहेर सरकतो. त्याआधी हँडब्रेक सोडायला विसरू नका. मी विसरलो आहे.

आतली धूळ फुंकू नका, ती छातीत जायला चांगली नाही. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओल दिसली, तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदला.

ब्रेक ऑइलचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण कोकणात ते फार दुर्लक्षित आहे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. ताजं डॉट ३ (हा ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असा नियम आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० अंश. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेक तापतात, त्यात पाणी शोषलेलं तेल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचं पेडल भाकरीच्या पिठात बोट रुतावं तसं खाली जातं. माझं गेलं होतं, कोल्हापूरहून खताच्या गोण्या घेऊन येताना. दुसऱ्या गिअरवर गाडी रेटत कशीबशी थांबवली आणि अर्धा तास कठड्यावर बसून राहिलो. तेव्हापासून दर दोन वर्षांनी सगळं ऑइल नवं. बाटली सीलबंद हवी. गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली आमच्या दमट हवेत केव्हाच बिघडलेली असते.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल (हवा काढायचा बारीक स्क्रू) सोडून आवळायचं, आणि निपल आवळल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. शब्द आधी ठरवा. भाच्याची आणि माझी 'धर' आणि 'सोड' अशी भाषा आहे, कारण एकदा मी 'हं' म्हणालो आणि त्याने पाय उचलला. तेवढ्याने पुन्हा हवा आत. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल तळाला जाऊ देऊ नका आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

दुसरा तुकडा: बेल्ट आणि पाणी

टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदला. पंपापर्यंत पोचायला बेल्ट काढावाच लागतो, मग जुना पंप आत ठेवून वर्षाने तीच मेहनत परत कशाला? वाडीतल्या गाडीचे किलोमीटर कमी असतात, त्यामुळे बेल्ट 'नवाच आहे' असं वाटतं. पण रबराला वर्षंही मोजावी लागतात.

ओम्नीत इंजिन पुढच्या सीटांखाली आहे, त्यामुळे सीट काढून गाडीत बसूनच बरंच काम होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जुना बेल्ट काढण्याआधी पुलींवरच्या खुणा जुळवून पांढऱ्या रंगाचे ठिपके मारून घ्या. नवा बेल्ट चढला, ताण बसवला, की चावीला हात न लावता क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे हाताने फिरवा आणि खुणा पुन्हा पाहा. जुळल्या तर पुढे. मध्येच कुठे अडकलं तर जोर करू नका, परत सुरुवातीपासून.

रेडिएटरात विहिरीचं पाणी नको. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि ते खारं पाणी इंजिनाला आतून गंज चढवतं. माझ्या जुन्या पंपाचं पातं काढलं तेव्हा ते कुरतडलेल्या बिस्किटासारखं होतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात.

क्लच मी घरी करत नाही

गिअरबॉक्स खाली घ्यायला माणसं, उंची आणि छातीवर पडणार नाही अशी सोय लागते. ती खळ्यात नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मी आणून देतो, मेस्त्री बसवतो, मी शेजारी स्टुलावर बसून बघतो. तो सकाळी घेतो आणि संध्याकाळी चावी देतो. क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी बदलायला सांगा, नंतर त्याच्यासाठी परत गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

निघालेलं काळं तेल व्हाळात किंवा माडाच्या आळ्यात ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजला द्या, ते पुढे देतात.

काम झाल्यावर

पहिली फेरी खळ्यातच, हळू, ब्रेक मारत. मग सपाट रस्त्याने गावच्या तिठ्यापर्यंत आणि परत. त्यानंतर चाकांचे नट पुन्हा आवळून पाहा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा. घाट पुढच्या आठवड्यात.

त्या रात्री गाडीखाली खोक्याचा कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग पाहा. काळा असेल तर इंजिन ऑइल, हिरवा किंवा लाल असेल तर कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट असेल तर ब्रेक, आणि मग गाडी हलवायचीच नाही. गेल्या ऑक्टोबरात माझ्या पुठ्ठ्यावर सकाळी मागच्या डाव्या चाकापाशी नेमका असा एक पिवळट ओला डाग होता. मी चाक काढलं, ड्रम काढला, सिलिंडर पाहिला, कोरडा ठणठणीत. मग बायको आली, वाकली, एकदाच वास घेतला आणि शेजारच्या बोक्याचं नाव घेऊन आत निघून गेली.